लाईन बंद आहे, चढ

सरका जरा, मला भिंतीला टेकू द्या. आणि तो मोबाईल पालथा ठेव रे, डोळ्यांवर उजेड येतो. उद्या तुम्ही पहिल्यांदा विजेच्या खांबावर चढणार, म्हणून सांगतो. ऐकीव नाही हे. ज्याच्यावर बेतलं त्याला मी चांगला ओळखायचो. टोळीची गाडी मीच चालवत होतो.

त्याला सगळे शिंपी म्हणायचे, कारण तो शिंपीच होता. चौकात छोटंसं दुकान होतं. लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकान बसलं, आणि तिशी उलटल्यावर हा बाबा लाईनमनचं काम शिकायला आला. बरोबरची पोरं निम्म्या वयाची वाटावीत अशी. "शिंपीदादा, तार तुटली तर टाका घालणार की ठिगळ लावणार?" म्हणून त्याची टर उडवायची. तो हसायचा आणि रात्री त्याच पोरांच्या शर्टांची बटणं लावून द्यायचा. पहिल्या महिन्यात त्याच्या पोटऱ्या सोलून निघाल्या. तळहातांना इतके फोड आले की जेवताना घास धरवेना.

आमचं काम फिरतं. जिथं वादळ, तिथं आम्ही. आज शाळेत बाकं जोडून झोपायचं, उद्या कुणाच्या गोदामात पोत्यांवर. घरी फोन लागला तर लागला. शिंप्याची मुलगी लहान होती. एकदा तो बऱ्याच दिवसांनी घरी गेला तर ती आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "आई, हे काका कोण?" आम्हाला सांगताना तो हसला खरा, पण त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारीच झोपलो होतो मी.

त्याला शिकवायला होता वस्ताद. अख्खी हयात खांबावर गेलेला माणूस. शिवी नाही, आरडाओरडा नाही. चूक झाली की एवढंच म्हणायचा, "उतर. परत चढ." शिंप्यावर त्याचा जीव होता. "हा उशिरा आला, पण घाबरत घाबरत काम करतो. असाच माणूस टिकतो," म्हणायचा.

तर नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. वादळ होऊन गेलेलं, निम्मं गाव अंधारात. दवाखान्यात बाळंतिणी होत्या आणि जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. टोळी दोन-तीन ठिकाणी विभागलेली. गावाबाहेरच्या रस्त्यावर एका खांबापाशी आम्ही तिघंच: वस्ताद, शिंपी आणि मी. गावाकडे जाणारी तार तिथं तुटली होती, पण त्याच खांबावरून पुढे जाणारी मोठी लाईन चालू होती. ती बंद केल्याशिवाय हात लावायची सोय नाही. स्विच बराच लांब, टेकडीच्या पलीकडे.

वस्ताद म्हणाला, "शिंपी, तू इथंच थांब. मी स्विच पाडतो आणि वॉकीटॉकीवर सांगतो. मग चढ. आणि सांगितलं तरी आधी काठी लाव."

काठी म्हणजे लांब दांड्याचा टेस्टर. तारेजवळ नेला की, वीज असेल तर पिरपिर वाजतो. आमच्याकडे तेव्हा एकच शिल्लक होता. तो शिंप्याकडे ठेवला.

आम्ही निघालो. शिंपी एकटा राहिला. आजूबाजूला शेतं, चिटपाखरू नाही. पट्टा कसला, हातमोजे चढवले. थोड्या वेळानं वॉकीटॉकी खरखरला.

"शिंपी... लाईन बंद आहे. चढ."

वस्तादाचाच आवाज. तसाच घोगरा, तसाच सावकाश. शिंपी चढला. वर पोचला, पट्टा अडकवला, डावा हात तारेकडे नेलाच होता. मग आठवलं. काठी पुढे केली.

पिरपिर... पिरपिर...

लाईन चालू होती.

तो कसा उतरला ते त्यालाच माहीत. खाली येऊन बसकण मारली आणि वॉकीटॉकीवर ओरडला, "वस्ताद! जीव घेता का माझा? लाईन चालू आहे!"

वस्ताद माझ्या शेजारी होता. रस्त्यात झाड आडवं पडलेलं, आम्ही दोघं ते कापत होतो. स्विच अजून दिसतही नव्हता. वॉकीटॉकी माझ्यासमोर गाडीत पडलेला. वस्तादानं त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

आम्ही गाडी वळवली. शिंपी पांढराफटक पडला होता. वस्तादानं त्याला पाणी पाजलं. "माझाच आवाज होता?"

"तुमचाच. नावानं हाक मारली मला."

मी म्हटलं, "वस्ताद, सोडा आजचं. सकाळी बघू."

"त्या बायकांना काय सांगू? सकाळपर्यंत थांबा म्हणून?" मग शिंप्याकडे वळला. "तू आता चढायचं नाहीस. स्विचवर जा, मी चढतो. काठीही तूच ने. स्विच जुना आहे, एखादं पातं चिकटून राहतं आणि वीज चालूच राहते. पाडलास की तिथंच तपास."

"आणि तुम्ही कशावरून ओळखणार मीच बोलतोय ते?"

वस्तादानं दोन्ही वॉकीटॉकी बंद केले. माझ्या डोळ्यांदेखत. मग म्हणाला, "मुलीला घरी काय म्हणतोस? लाडानं?"

शिंपी त्याच्या कानाशी वाकला. "भिंगरी."

"कधी बोललास कुणाकडे?"

"नाही. बायकोला आणि मलाच ठाऊक."

"मग झालं तर. लाईन बंद करून ते नाव घे. ते ऐकल्याशिवाय मी जमीन सोडणार नाही."

दोन्ही वॉकीटॉकी परत चालू केले आणि आम्ही दोघं निघालो. तोडलेल्या झाडाच्या फटीतून गाडी काढली. शिंपी वॉकीटॉकी छातीशी धरून बसलेला. टेकडीचा चढ लागला. दिव्यांच्या उजेडात रस्ता तेवढा दिसत होता.

वॉकीटॉकी खरखरला.

"वस्ताद..."

शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"वस्ताद... लाईन बंद आहे. चढा."

शिंप्याचा आवाज. जरा धाप लागल्यासारखा.

मी ब्रेक मारला. शिंप्यानं बटण दाबलं. "वस्ताद, मी नाही! मी नाही बोललो! चढू नका!" बटणाचा लाल दिवा लागेना, म्हणजे आवाज पलीकडे जातच नव्हता. तो दाबत राहिला. दाबत राहिला.

पलीकडून वस्ताद बोलला. शांतपणे. "नाव सांग."



खरखर...

"भिंगरी."

आणि मग एक हसू. बारीक. लहान मुलीचं.

"चढतो रे," वस्ताद म्हणाला.

मी गाडी कशी वळवली, आठवत नाही. शिंपी हॉर्नवर हात दाबून बसला होता. ओरडत होता. उतार संपता संपता समोर, लांब, निळा उजेड झाला. एकदाच. आवाज नंतर आला.

मग काहीच नाही.

शिंप्यानं हॉर्नवरचा हात काढला.

...

वस्ताद गेला. दवाखान्याला डिझेल दुसऱ्या गावाहून आलं, बाळंतिणी सुखरूप राहिल्या. ते मात्र सांगायला हवं. चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "तुम्ही लाईन बंद असल्याचं सांगितलंत का?" शिंपी म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "नाही." लिहिलं गेलं की वस्तादाचा अंदाज चुकला. ज्यानं आयुष्यात अंदाजानं कधी तार धरली नाही, त्याचा.

शिंप्यानं काम सोडलं नाही. लोकांना वाटलं, सोडेल. शिक्षण पुरं केलं, आता त्याच्या हाताखाली माणसं आहेत. पण कुणी वॉकीटॉकीवर काहीही सांगो, तो स्वतः स्विचवर जातो, पाडतो, कुलूप घालतो, किल्ली खिशात टाकतो आणि परत येऊन काठी लावतो. उशीर होतो, वरचे लोक बोलतात. बोलू देत. मुलगी आता कॉलेजात आहे. तिला तो त्या नावानं कधी हाक मारत नाही म्हणून बायको एकदा रुसली होती. त्यानं कारण सांगितलं नाही.

आता एकच राहिलं. हे शिंपी कुणाला सांगत नाही, मीही फारसं सांगत नाही.

आम्ही खांबापाशी पोचलो तेव्हा वस्ताद वर लटकलेला असेल असं वाटलं होतं. पट्टा अडकवलेला माणूस खाली पडत नाही. वस्ताद खाली होता. पाठीवर, सरळ. हात छातीवर. डोक्याखाली हेल्मेट, उशीसारखं. काखेतून दोर घेतलेला, त्याला जखमी माणूस वरून उतरवायची गाठ. दोराचं दुसरं टोक वरच्या आडव्या लोखंडावरून येऊन खांबाच्या बुडाशी नीट बांधलेलं. असं उतरवायला वर एक आणि खाली एक, अशी दोन माणसं लागतात. वस्ताद तिथं एकटाच होता.

आमच्या टोळीचे सगळे दोर नायलॉनचे, पिवळे. आणि ते सगळे माझ्या गाडीत होते.

हा दोर काथ्याचा होता, वस्तादाच्याही आधीचे लाईनमन वापरायचे तसा. हातानं वळलेला.