वायरीवरचे दोडके

सकाळी दहाच्या सुमारास जठारपेठेतल्या त्या गल्लीचं सगळंच अडलं. किराणा दुकानात पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा मुका झाला. पार्लरवाली ललिता एका बाईची अर्धी भुवई तशीच सोडून दारात आली, आणि गिरणीवाल्याला कधी नव्हे ते सुट्ट्या पैशांची आठवण झाली. नेट गेलं होतं.

पौर्णिमा फुलांच्या दुकानात फोन हलवत बसली होती, जणू हलवल्यानं त्यात जीव येणार होता. तिचे वडील नत्थुजी अकोट रोडवरच्या मळ्यात झेंडू, निशिगंध पिकवत आणि ती विकत असे. पण तिनं फोनवर हारांचे फोटो टाकायला सुरुवात केली, तेव्हापासून निम्मी गिऱ्हाइकं अमरावतीची झाली होती. ऑर्डर फोनवर यायची आणि फुलं सकाळच्या एसटीनं जायची. आज ना ऑर्डर, ना काही.

तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला, "हा वेल कोनाचा हाय?"

ती धावत मागे गेली. भिंतीला शिडी लावून एक तरुण वर चढला होता. बारीक भुरभुर चालू होती, त्याचे केस ओले होते... आणि हातात एक कोवळा दोडका होता.

"आमचा," पौर्णिमा म्हणाली. "कावून?"

"अन् ही वायर?"

"ते तुमची असन."

"हो ना बाई. आमच्या वायरीले दोडके लागून राहिले!"

पौर्णिमानं वर पाहिलं आणि तिला हसू आवरेना. खांबावरून त्यांच्या घरावरून पुढे गल्लीत जाणाऱ्या काळ्या वायरीला दोडक्याच्या वेलानं असं काही कवटाळलं होतं, की वायर कुठली आणि वेल कुठला ते कळत नव्हतं. भारानं ती वायर वाकून एका ठिकाणी तुटली होती. ही करामत अर्थातच नत्थुजींची. फुलांकडे वळण्याआधी वर्षानुवर्षं भाजीपाला पिकवलेल्या माणसाला मोकळी दोरी दिसली की हात शिवशिवतात.

नत्थुजी जराही न ओशाळता बाहेर आले. "मले वाटलं, रिकामीच लोंबकळून राहिली."

"रिकामी कशी, काका? आत काच हाय, केसाएवढी. त्यातून उजेड जाते. साऱ्या गल्लीचा धंदा त्या उजेडावर चालते."

"मंग माह्या वेलाचं काय चुकलं? थो बी उजेडाकडेच जाऊन राहिला!"

तो इतका हसला की शिडी डगमगली. पौर्णिमानं पटकन पुढे होऊन ती धरली. "तोडून टाका वेल," ती म्हणाली. "गल्ली खोळंबली हाय."

"फुलावर आलेला वेल कोनी तोडते का?"

आणि त्यानं वेलाचा एकेक ताणा हळूच सोडवायला घेतला. खाली ललिता बोंबलत होती, गिरणीवाला शिव्या घालत होता, याच्या बोटांना मात्र कसली घाई नव्हती. पौर्णिमा शिडी धरून त्या बोटांकडे बघत राहिली. माणूस कसा आहे हे कळायला तिला तेवढा वेळ पुरला. त्याचं नाव कुंदन. गल्लीत नेट पुरवणाऱ्या भगवंतभाऊंच्या कंपनीत तो काम करायचा.

त्यानंतर एक चमत्कार झाला. साऱ्या गल्लीचं नेट सुरळीत चालू लागलं आणि फक्त पौर्णिमाचंच जाऊ लागलं. आई कौशल्याबाईंच्या नजरेतून काय सुटणार! त्या म्हणाल्या, "आपल्याच घरचं नेट कसं वं जाते? अन् तुही पावडर लावून झाल्यावरच कसं जाते?"

कुंदन यायचा, नेटचा डबा उघडायचा, उगाच पुसायचा, वायर खालीवर करून बघायचा. मग चहा.

"तुमचं नेट लय नाजूक हाय," तो म्हणायचा.

"कंपनी कोनाची हाय?"

"कंपनी मजबूत हाय. गिऱ्हाईक नाजूक हाय."

"मी? झेंडूचं पोतं एकटी उचलते मी!"

"हो का... पाहून वाटत नाई."

असं म्हणून तो बशीत बघायचा आणि ती उगाचच शेवंतीवर पाणी शिंपडायची. शेवंती बिचारी आधीच चिंब.

एक दिवस मात्र त्यानं चहाला हातच लावला नाही. "भगवंतभाऊनं अमरावतीले नवं ऑफिस काढलं. मले तिकडे जा लागते."

"अन् अथलं?"

"अमोल पाहीन. हुशार हाय."

"असन हुशार..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. बोलावं, तर हे शून्यातून उभं केलेलं दुकान सोडून जावं लागेल. न बोलावं, तर हा माणूस हातचा जाईल. तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही कसं मिळतं हे तिला ठाऊक नव्हतं. तो गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तक्रार केली. फोन थेट अमरावतीहून आला, कुंदनचा.

"पौर्णिमाजी, डब्याच्या मागचं बटन चालू करा."

"क... कोनतं बटन?"

"आमाले ऑफिसात कम्प्युटरवर दिसते. वायर तुटली त लाल येते. कोनी बटन बंद केलं त पिवळं."

"हे... पयल्यापासून दिसत होतं?"

"पयल्यापासून."

तिनं फोन कापला. तिचे कान तापले. म्हणजे हा सगळं माहीत असून साळसूद चेहऱ्यानं चहा पीत होता! तिला इतका राग आला, की माहीत असूनही तो दरवेळी येत का होता, हा विचार करायलाही तिला सुचलं नाही. पुन्हा तक्रार करणार नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

गणपती बसले, महालक्ष्म्या जवळ आल्या. अमरावतीच्या बायका वेण्यांचे, हारांचे फोटो मागत होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी खारीनं त्यांच्या घराची वायर कुरतडली. खरोखरचं नेट गेलं. फोनवरून एक फोटो जायला युग लागत होतं. पौर्णिमा रडकुंडीला आली, पण तक्रार? जीव गेला तरी नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुंदन दारात उभा राहिला. खांद्यावर पिशवी, अंगावर एसटीतल्या गर्दीत चुरगळलेला शर्ट.

"कोनी बलावलं तुमाले?"

"कोनीच नाई. तेच त!" तो वैतागून म्हणाला. "परवापासून तुमचं घर लाल दिसून राहिलं. म्हटलं, आता तक्रार येईन, मंग येईन... बटन बंद असलं त तक्रार, अन् वायर तुटली त चूप! असं गिऱ्हाईक साऱ्या वऱ्हाडात एकच हाय."

"अमोलले पाठवाचं होतं."

"पाठवता आलं असतं."

"मंग?"

"पिवळं दिसत असून कोनी धावत येते का? मी येत होतो. कावून, ते तुमी एकदा बी नाई विचारलं."

पौर्णिमानं हार ओवायची सुई खाली ठेवली. "आता विचारते... कावून?"

"तू आवडते मले. लय आवडते."

तिचे डोळे भरून आले. "मले बी तू आवडतो, कुंदन. पन हे दुकान मी उभं केलं. ते सोडून नाई येनार मी."

"नको सोडू. मीच येतो वापस. भगवंतभाऊले सांगतो, नाई त दुसरी नोकरी पायतो."

"अन् तुह्यं ऑफिस? नाई... तसं बी नको."

मागून नत्थुजी खाकरले. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"काय बाप्पा, रडून कायले राहिले तुमी? पोट्टी, तुह्ये गिऱ्हाईक कुठचे?"

"अमरावतीचे..."

"ऑर्डर कुठं येते?"

"फोनात."

"फुलं कोन पिकवते? मी. अथच्या गादीवर आता तुही माय बसन. मंग तू अथी बसली काय अन् तथी बसली काय! धंदा तुह्या हातात हाय, या गाळ्यात नाई."

पौर्णिमा त्यांच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस जे ओझं वाटत होतं, ते बाबांनी चार वाक्यांत उतरवलं होतं. कुंदननं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. नत्थुजींनी त्याची पाठ थोपटली, पण नजर लेकीवरच होती, आणि तो भाजीबाजार दणाणून सोडणारा आवाज एकाएकी बारीक झाला.

"फक्त रोज सकाळी फोन करजो, माय. ऑर्डर नसली तरी."