भिंतीवरचे दोन ठोके

गेल्या महिन्यात लेक रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेऊन आली, तिथून हे सुरू झालं. आतला पट्टा तेवढा तुटला होता. प्लेअर चाळीस वर्षं माळ्यावर पडून होता, आणि दुरुस्तीला लागली पंधरा मिनिटं.

"लावू का?" तिने विचारलं. हातात ती काळी तबकडी.

"लाव," म्हटलं.

ती मीच दाबलेली. तबकड्यांच्या कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. गरम काळा गोळा साच्यात ठेवायचा, यंत्र दाबायचं, कडा कापायच्या. हजारो दाबल्या, ऐकली एकही नाही. ही कडेला फुगा आला म्हणून बाद झाली. मुलगा त्या गाण्यांवर जीव टाकायचा, म्हणून घरी आणली.

तेव्हा तो अठराचा. भर उन्हाळ्यात काळे कपडे, डोळ्यांत काजळ. शेजारचा शिंपी विचारायचा, "काय रे, आज कुणाला पोचवायला निघालास?"

"तुमचंच माप घ्यायला आलोय, काका," हा म्हणायचा.

रात्रपाळीमुळे मी दुपारी झोपायचो. भिंतीपलीकडे त्याची खोली. गाणं मोठं झालं की मी पडल्यापडल्या भिंतीवर दोन ठोके द्यायचो, म्हणजे आवाज कमी कर. तो कमी करायचा आणि पलीकडून एक ठोका द्यायचा, म्हणजे केला. आम्हा बापलेकाचं बोलणं बरंचसं एवढंच.

एका दुपारी तो दारात उभा राहिला. "बाबा, एक बाजू तरी ऐका ना माझ्याबरोबर. तुम्हीच दाबलीय."

माझे डोळे मिटत होते. "उद्या ऐकू," म्हणालो.

थोड्या वेळाने गाणं लागलं, मुद्दाम लावल्यासारखं मोठं. मी दोन ठोके दिले. जरा जोरातच. गाणं बंद झालं, पण त्याचा ठोका काही आला नाही. वाट बघता बघता मला झोप लागली. संध्याकाळी तो सायकल घेऊन बाहेर पडला आणि वळणावर ट्रकखाली गेला.

माझ्यावर रागावून गेला का पोरगा? एवढंच मला कळायला हवं होतं.

लेकीने सुई टेकवली. आधी फुग्याचं टक, टक, टक. मग गाणं. मला वाटलं होतं नुसता आरडाओरडा असेल. तर एक माणूस विहिरीच्या तळाशी बसून हळू हळू बोलल्यासारखा गात होता. मागे ढोल, लांबच्या लांब बोळातून कुणी चालत यावं तसा.

"याला गॉथ रॉक म्हणतात, बाबा."

"भुताखेतांचं का?"

"दादा म्हणायचा, अंधारात बसलेल्या माणसाचं."

मी कान देऊन ऐकत होतो. याच्यात त्याला काय सापडलं असेल, ते शोधत होतो. तिसरं गाणं एकदम चढलं, आणि माझा हात आपसूक भिंतीकडे गेला. दोन ठोके.

आवाज उतरला.

लेक खुर्चीत होती. दोन्ही हातांत तबकडीचं पाकीट. "तुम्ही बटण...?"

"मी इथेच आहे, पोरी..."

तेवढ्यात भिंतीतून एक ठोका आला. दबका, बोटाच्या पेराचा.

"फुगा असेल, बाबा... तबकडीचा."

"फुगा कडेला आहे. सुई केव्हाच आत आली."

ती उठून खिडकीशी गेली, वाकून बघितलं, आणि परत येऊन बसली. ती काय बघून आली ते मला ठाऊक होतं. रस्ता रुंद केला तेव्हाच त्याची खोली पाडली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्या भिंतीपलीकडे आता नुसती हवा आहे.

मी भिंतीवरून हात फिरवला. पाठीवरून फिरवावा तसा. वाटलं, राग गेला पोराचा.

त्यानंतर मी रोज दुपारी एक बाजू ऐकू लागलो. चौथ्या दिवशी गाण्याच्या मध्येच पलीकडून ठोके आले. दोन. मला हसू आलं. आता झोपायची पाळी त्याची. मी आवाज कमी केला आणि एक ठोका दिला.

पाचव्या दिवशी पुन्हा दोन. सहाव्या दिवशी तर गाणं सुरू होताच. रोज मी आणखी कमी करत गेलो. शेवटी सुईला कान लावून ऐकायचो.

काल तबकडी पाकिटातच होती. मी पलंगावर बसून तिच्याकडे नुसता बघत होतो. दोन ठोके आले, जरा जोरातच.

मी पंखा बंद केला. पुन्हा दोन. घड्याळ काढून गादीखाली दाबलं.

पुन्हा दोन.

आता घरात आवाज उरला होता तो फक्त माझ्या श्वासाचा. किती वेळ तसाच बसलो कोण जाणे. आज लेकीला बोलावून घेतलंय. ती येईपर्यंत मी भिंतीला हात लावणार नाही.

माझा एक ठोका द्यायचा राहिलाय.