अंजनाबाईला एक मत

"धोंडबा हे काय इंजिनाचं नाव झालं?" श्रीधर म्हणाला.

"काहून नाही? सगळ्या इंजिनांले बायकांचीच नावं काहून? माझं मत धोंडबाले," प्रेमिला म्हणाली.

"तो नुसता यार्डात डबे ढकलते. कधी उमरेडपर्यंत तरी गेला का?"

"तू तरी कुठं गेला?"

जयवंता हसली. ही दोघं भाऊबहीण सकाळपासून अशीच जुंपली होती. तिघंही रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती. समोर तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे छोट्या लाइनीची लोको शेड. दसरा काल झाला होता. शाळा उघडायला अजून अवकाश होता.

दर सुटीत ही तिघं इंजिनांच्या नावांची निवडणूक घेत. रेल्वेने इंजिनांना नुसते नंबर दिले होते, आणि ते त्यांना कधीच पटलं नव्हतं. नाव ठेवायचं ते इंजिनाचा स्वभाव बघूनच, एवढा एक नियम. जे नाव जिंकेल त्या इंजिनाला पुढच्या सुटीपर्यंत सगळ्यांनी सलाम ठोकायचा. पण तिघांची मतं तीन, त्यामुळे आजवर कुठलंच नाव जिंकलं नव्हतं.

श्रीधरचं मत ठरलेलं: अंजनाबाई. नंबर सत्तेचाळीस. चढ आला की हे इंजिन दम खायला थांबायचं, थेट शेजारच्या अंजनाबाई नळावरून हंडा आणताना थांबतात तसं. खऱ्या अंजनाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी श्रीधरचा कान पिळला. मग मात्र रोज विचारू लागल्या, "काहो श्रीधर, माह्यं इंजिन कसं आहे?"

बरं नव्हतं. पावसाळ्यात तपासणी झाली आणि बॉयलरच्या नळ्या सडल्याचं निघालं. तेव्हापासून अंजनाबाई भंगाराच्या रुळावर उभी होती.

आणि जयवंताचं मत भिवापुरीला. नंबर एकेचाळीस. हिच्या धुरात उभं राहिलं की मिरची कुटत असल्यासारख्या शिंका येत. जयवंताचे बाबा, रुपराव गजभिये, सात-आठ वर्षं याच इंजिनावर ड्रायव्हर होते. सकाळची गाडी घेऊन जायचे, आणि संध्याकाळी येताना मागच्या डब्यांत भिवापूरच्या मिरचीची पोती असायची.

"थे बघ," प्रेमिला म्हणाली.

शेडच्या फाटकातून एक हातगाडी आत येत होती. गाडीवर लोखंड कापायच्या गॅसच्या नळकांड्या आडव्या बांधलेल्या.

श्रीधरने तिकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"अंजनाबाईसाठी," तो एवढंच म्हणाला.

*

निरोप द्यायला म्हणून तिघं कुंपणाच्या कडेकडेने भंगाराच्या रुळापर्यंत गेली.

इंजिन काळंभोर चकाकत होतं. दसऱ्याच्या पूजेला मोठे साहेब येणार म्हणून झाडून सगळ्या इंजिनांवर नवा रंग फासला होता, मरायला टेकलेल्यावरसुद्धा. चिमणीला झेंडूची सुकलेली माळ होती. बाजूला पितळी पट्टी, घासून सोन्यासारखी केलेली: ४७.

जयवंता पुढच्या जाळीकडे बघत राहिली. रुळावरची गुरं बाजूला सारायची ती लोखंडी जाळी. तिचा एक गज आत वाकला होता.

"श्रीधर, अंजनाबाईची जाळी सरळ होती नं?"

"हो."

"मग हे कोण आहे? उमरेडजवळ बाबांच्या इंजिनानं बैलबंडीले धडक दिली होती, तवा हाच गज वाकला. मी रोज पाहते. हे भिवापुरी आहे."

"पण पट्टी तर सत्तेचाळीसची आहे."

"पट्टी काय, उद्या तुह्या शर्टाले लावली तर तू इंजिन होशील का?"

प्रेमिला मध्येच म्हणाली, "पट्ट्या तर मीच घासल्या. चिंच लावून."

दोघं तिच्याकडे वळली. दसऱ्याच्या दिवशी जयवंता घरच्यांबरोबर आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांबरोबर दीक्षाभूमीवर होती. श्रीधर तापाने झोपला होता. शेडमधली पूजा पाहिली ती एकट्या प्रेमिलाने.

"सांग नीट," जयवंता म्हणाली.

"सांगते नं. सगळ्या इंजिनांच्या पट्ट्या खोलल्या आन् एका टोपल्यात टाकल्या. आम्ही पोरींनी घासल्या. इंजिनं धोंडबानं ओढून एका लायनीत उभी केली. मंग साहेबाची जीप आली तशी पळापळ. ते दुसऱ्या शेडातून बदलीवर आलेले माणसं आहेत नं, त्यांनी धडाधडा पट्ट्या ठोकल्या. मंग पेढा भेटला."

"आणि पूजा झाल्यावर?"

"पट्टी पाहून जिथल्या तिथं ढकलून देली. मले दुसरा पेढा नाही भेटला."

शेडमधली जुनी माणसं सणाला गावी गेलेली. बदलीवाल्यांनी ही इंजिनं कधी पाहिली नव्हती. एकेचाळीस आणि सत्तेचाळीस, दोन्ही एकाच साच्यातली, आता एकाच रंगातली. जयवंताने शेडच्या दाराकडे पाहिलं. तिथे ४१ नंबरची पट्टी लावलेलं दुसरं इंजिन उभं होतं आणि एक माणूस त्यात कोळसा भरत होता.

"ते पेटवून राहिले," ती म्हणाली. "सडक्या नळ्यांचं. उद्या सकाळी बाबा त्याच्यासमोर उभे राहतील."

"रुपरावकाका ओळखतील नं," श्रीधर म्हणाला.

"ते पाहुण्यांले पोचवाले नागभीडले गेले, संध्याकाळी येतील. तोवर भिवापुरीचं काय उरते? आन् त्या इंजिनात आजच वाफ चढून नळ्या फुटल्या, तर ज्यानं पेटवलं त्याचं काय?"

*

मधुकरराव शेडचे सुपरवायझर. टेबलावर जेवणाचा डबा उघडा होता आणि बाहेर गॅसवाला खोळंबला होता.

"काका, इंजिनांची अदलाबदल झाली," जयवंता म्हणाली. "तुम्ही कापायला देऊन राहिले ते भिवापुरी आहे."

"कोण?"

"भिवापुरी. म्हणजे एकेचाळीस."

"आणि मग सत्तेचाळीस कुठं आहे?"

"अंजनाबाई तिकडे दाराशी आहे. तिला पेटवून राहिले."

मधुकररावांनी पोळीचा तुकडा मोडला. "हे बघ बाई. इंजिनाला नाव नसतं. नंबर असतो. काय लिहिलं आहे त्याच्यावर?"

"सत्तेचाळीस."

"कापायचं कोणतं?"

"सत्तेचाळीस, पण गज वाकला आहे—"

"गज कोणाचाही वाकतो. रुपरावची पोर म्हणून ऐकून घेतलं. आता घरी जा. आणि कुंपणाच्या आत पुन्हा दिसू नका."

*

कुंपणाबाहेर तिघं उभी राहिली. गॅसवाला रबरी नळ्या उलगडत होता.

"आता काय वं?" प्रेमिलाने विचारलं.

श्रीधरने शेडच्या दाराशी उभ्या इंजिनाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आपण बोललो नाही, तर अंजनाबाई वाचते."

जयवंता त्याच्याकडे बघत राहिली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. भिवापुरीला सोडवायचं म्हणजे अंजनाबाईला धाडायचं. तिला राग यायला हवा होता. पण श्रीधरचा चेहरा बघून तो आला नाही.

"तिच्यात विस्तव घालून राहिले, श्रीधर," ती म्हणाली. "अशी वाचून काय करशील?"

श्रीधरने कुंपणाची तार धरली, सोडली. नाक पुसलं.

"त्यांना सांगितलेलं चालत नाही," तो म्हणाला. "त्यांना विचारावं लागते. आमचे बाबाबी असेच आहेत. चला."

*

"आता काय?" मधुकररावांनी डबा बंद केला.

"काही नाही, काका. शाळेसाठी एक माहिती पाहिजे होती," श्रीधर म्हणाला. आवाज इतका गरीब की प्रेमिलाला हसू आवरेना. जयवंताने तिला चिमटा काढला. "समजा, इंजिनाची नंबरपट्टी चोरीला गेली. पितळेची असते, चोर नेऊ शकते. मग रेल्वेले तो नंबर कधीच कळत नाही नं?"

"कोण म्हणतं कळत नाही?"

"ही जयवंता."

जयवंताने मान खाली घातली.

"रेल्वे काय तुझ्यासारखी बिनडोक आहे?" मधुकरराव खुर्चीतून उठले. "चाकांना जोडणारा तो लांब दांडा पाहिला? त्याच्यावर नंबर ठोकलेला असतो. लोखंडात. पट्टी जावो, रंग जावो, तो जात नाही."

"दिसत तर नाही कुठं."

"रंगाखाली असेल. वंगण असेल. पुसावं लागतं."

"कशानं पुसतात?"

"घासलेटानं. अरे, शाळेत काय शिकवतात तुम्हाला? चल, दाखवतो. तो गॅसवाला उभाच आहे, त्याला चालू करायला सांगतो आणि तुम्हाला दाखवतो."

"आधी दाखवा नं, काका," जयवंता म्हणाली. "कापल्यावर तापते."

मधुकररावांनी वाटेत घासलेटाचं डबडं आणि चिंध्यांचा बोळा उचलला. गॅसवाल्याला हाताने थांबवलं. दांड्याच्या टोकाशी उकिडवे बसून ते घासू लागले. नवा रंग अजून ओला होता, तो गोळ्यागोळ्यांनी निघाला. त्याखाली जुनं वंगण.

"हे बघा. हा चार," ते म्हणाले. "आणि हा..."

ते थांबले. चिंधी पुन्हा घासलेटात बुडवून त्यांनी जोराने घासलं. मग चष्मा काढून पुसला आणि वाकून परत पाहिलं.

"एक आहे, काका," प्रेमिला म्हणाली. तिला वाटलं, त्यांना खरंच दिसत नाही.

मधुकरराव उठले आणि दुसऱ्या बाजूचा दांडा घासायला गेले. तिथेही एकेचाळीसच.

मग ते पळाले. एवढा जाडजूड माणूस पळताना मुलांनी कधी पाहिला नव्हता. शेडच्या दाराशी जाऊन त्यांनी कोळसा भरणाऱ्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं. "बाहेर काढ. सगळा विस्तव बाहेर काढ. खाली उतर आधी."

आतला सगळा निखारा खालच्या खड्ड्यात ओढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. बॉयलरमध्ये अजून वाफ धरली नव्हती. दाबाचा काटा जागचा हललाही नव्हता.

*

संध्याकाळी रुपराव आले ते थेट शेडमध्ये. मधुकररावांनी त्यांना सगळं स्वतःच सांगितलं, काही न लपवता. जयवंताला हे अपेक्षित नव्हतं.

"पट्ट्या मी तपासायला पाहिजे होत्या," ते म्हणाले. "साहेबाच्या जीपकडे बघत बसलो. तुमच्या पोरीनं माझी नोकरी वाचवली. आणि त्या फावडेवाल्याला वाचवलं."

रुपराव भिवापुरीच्या वाकड्या गजावर हात ठेवून उभे होते. "पोरीनं? तिघांनी," ते म्हणाले. मग जयवंताला, "घाबरली होतीस का गं?"

"थोडी."

"हे सांगायचं नाही हं तुह्या आईले."

श्रीधर लांब, दुसऱ्या इंजिनापाशी बसला होता. सकाळी गॅसवाला परत येणार होता. जयवंता जाऊन त्याच्या शेजारी बसली.

"मी मत बदललं," ती म्हणाली. "अंजनाबाई."

"दया नको करू."

"दया नाही. भिवापुरी उद्या गाडी घेऊन जाईल. तिले सलामाची काय गरज?"

प्रेमिलाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "धोंडबाले वाईट वाटंल," ती म्हणाली. "पण ठीक आहे. देते मी पण."

तीन मतं एका नावाला पडली, असं पहिल्यांदाच झालं. तिघांनी उभं राहून सलाम ठोकला. फारसं काही घडलं नाही, नुसता शेडमध्ये नव्याने पेटवलेल्या भिवापुरीच्या वाफेचा आवाज येत होता.

मागून मधुकरराव आले. हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश. त्यांनी दोन्ही श्रीधरपुढे धरलं.

"लिही," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरांत."

"काय लिहू? नंबर?"

"नंबराचा भरवसा राहिला नाही मला. नाव लिही."

श्रीधरने ड्रायव्हरच्या खिडकीखाली लिहिलं. 'अं' वरचं टिंब ओघळलं, तो ओघळ जयवंताने चिंधीने पुसला. अंधार पडायच्या आत मुलांनी क्वार्टरातून खऱ्या अंजनाबाईंना बोलावून आणलं. त्या वाटेत दोनदा थांबल्या. इंजिनासमोर उभ्या राहून त्यांनी आपलं नाव पाहिलं आणि पदराने खिडकीखालची धूळ झटकली.

सकाळी गॅसवाला आला तेव्हा भिवापुरी गाडीला जोडून निघून गेली होती. तो डोकं खाजवत उभा राहिला.

"आता पक्कं सांगा, साहेब. कोणतं कापू?"

मधुकररावांनी बोट दाखवलं नाही. ते म्हणाले, "वाचता येतं नं? जिच्यावर नाव लिहिलं आहे ती. आणि जरा सांभाळून."