महबूबचा डावा घोटा

तो पळताना पडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण घोडनदीत अजूनही काही शहाणे सांगत फिरतात की महबूब पळता पळता कोलमडला. तो पहिला आला होता. चैत्राच्या जत्रेत, नदीच्या पुलापासून पेठेच्या वेशीपर्यंत, अनवाणी, सगळ्यांना मागं टाकून... आणि मग त्याच्याच यवतच्या मंडळींनी त्याला खांद्यावर घेतला, गुलाल उधळला, हलगीवर नाचले आणि नाचता नाचता खाली सोडून दिला. डावा घोटा असा निखळला की पाऊल भलतीकडंच बघत होतं. जिंकलेल्या गड्याला खांद्यावर घ्यायची आपल्याकडं रीत आहे, मान्य. पण चौघांनी उचलायचं तर चौघांनी एका तालात तरी नाचावं.

१९५९ साल ते. मी एकोणीस वर्षांची. माझी आई रोशनबी हाडं बसवायची. मोडलेली, निखळलेली माणसं बैलगाडीत घालून लोक आमच्या ओसरीवर आणत. हे काम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आईनं मलाही शिकवलं होतं, पण बायका आणि पोरंसोरं एवढ्यापुरतं. परक्या पुरुषाच्या पायाला मी हात लावायचा नाही, हे ठरलेलं. नेमकी त्या दिवशी आई केंदूरला लग्नाला गेलेली, आणि ओसरीवर गुलालानं माखलेले पाच-सहा गडी एका गुलालानं माखलेल्या गड्याला घेऊन उभे.

"रोशनबी कुठं हायेत?" पोपटरावांनी विचारलं. हे यवतचे बागायतदार, सगळ्यांचे आप्पा. महबूबला जत्रा-जत्रांतून पळवायला तेच घेऊन फिरत, आणि तो जिंकला की फेटा स्वतःच्या डोक्यावर बसल्यासारखे चालत.

"केंदूरला गेलीया. उद्या येईल."

"उद्या..." त्यांनी पायाकडं पाहिलं.

मीही पाहिलं. सूज चढायला लागली होती. "उद्यापातुर थांबलं तर घोटा बसायचा न्हाई मग. आत आना त्यास्नी."

"आन् बसवनार कोन? तू?"

"दुसरं कोन दिसतंय का तुमास्नी, आप्पा?"

त्यांनी त्याला आत आणून टेकवलं. मी तिळाचं तेल कोमट केलं, पदर खोचला आणि त्याच्या पायाशी बसले. त्याच्या पापण्यांवरसुद्धा गुलाल होता. त्यातून ते काळे डोळे माझ्याकडं बघत होते, दुखत असून हसू दाबत. मला तो तेव्हाच आवडला. उगीच लपवायचं कशाला?

"काम काय करता?" मी विचारलं.

"दौंडला शेडात. इंजिनं पुसतो."

"इंजिनं पुसून इंजिनावानीच पळायला लागलात म्हना."

"इंजिनाला रूळ लागत्यात. मला निस्ता रस्ता—"

मी ओढलं. कट् झालं. पोपटरावांनी डोळे मिटले, महबूबनं दातांखाली ओठ धरला.

"सांगून तरी वढायचं," तो जरा वेळानं म्हणाला.

"सांगितलं असतं तर पाय ढिला सोडला असता?"

तो हसला. मी बांबूच्या कामट्या लावल्या, वर फडकं घट्ट गुंडाळलं, आणि गाठ मारताना माझी बोटं जरा... जरा जास्तच वेळ तिथं राहिली.

दुसऱ्या दिवशी आई आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण आता इलाज नव्हता. आमच्या घरचा एक कायदा आहे. ज्याच्या हातानं बांधलं, त्याच्याच हातानं सुटायचं. दुसऱ्यानं गाठीला हात लावायचा नाही. आईच्या आईनं घातलेला कायदा, आई तो मोडणार कशी? तेव्हा दर गुरुवारी एस.टी.नं दौंडहून महबूब यायचा, मी त्याचा पाय सोडायची, तेल लावायची, पुन्हा बांधायची. आणि आई समोर सूप घेऊन बसायची. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातली ज्वारी जितकी निवडली गेली तितकी कधीच गेली नसेल.

"दुखतंय?"

"तुमी दाबलं की न्हाई दुखत."

"मग कवा दुखतंय?"

"एस.टी.त बसलो की. परत जाताना."

आईचं सूप एकदम जोरात वाजायचं.

जेठात कामट्या काढल्या. चालायचं, वजन उचलायचं नाही, आणि दसऱ्यापर्यंत एक पाऊलही पळायचं नाही, असं मी त्याला बजावलं. तो "व्हय" म्हणाला. पुरुषांचं "व्हय" म्हणजे काय असतं ते मला श्रावणात कळलं.

नागपंचमीनंतरच्या गुरुवारी तो आला तो भिंत धरत. घोटा पुन्हा टम्म. यवतला शर्यत होती आणि गडी पळाला होता, आणि अर्ध्यावर लंगडत बाहेर पडला होता.

मी तेलाची वाटी खाली ठेवली. "का पळालात?"

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं.

"मी इचारतेय."

"आप्पा बोलले. चारचौघांत. म्हनले, पोरीनं बसवलेला पाय त्यो, चुलीपातुर जायाचा, शर्यतीत न्हाई." तो भिंतीकडं बघत बोलत होता. "माझ्या पायाला बोलले असते तर गिळलं असतं मी. पर तुमच्या हाताला बोलले..."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. पोपटरावांचा आला, त्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला, कारण ते ऐकून मला आत कुठंतरी गोड वाटलं होतं.

"माझ्या हाताची काळजी तुमी करू नका. त्याची मी करीन. तुमी पायाची करा."

पुन्हा बांधला. मुद्दाम जरा जास्त घट्ट.

पण बोलणं पसरायचं ते पसरलंच. रोशनबीच्या पोरीनं बसवलेला पाय पुन्हा गेला, असं बाजारात झालं. आधी बायका माझ्याकडं यायच्या, आता त्या दारात येऊन विचारायच्या, "आई हाय का? मग थांबते." आई एका संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "मदिना, आता सोड तू हे. माझ्यामागं तुझ्या हातात कुनी हाड द्यायचं न्हाई. एखादं स्थळ बघू."

"का म्हनून?"

"लोक बोलत्यात."

"लोकांनीच पाडला त्याला, आई. बोलत्यात बी लोकच. मी फकस्त बसवला."

एवढं बोलले खरी, पण माझं सगळं आता त्या एका घोट्यावर येऊन बसलं होतं. तो पुन्हा पळाला तर माझा हात खरा. नाही पळाला तर मी आयुष्यभर दुसऱ्याच्या ओसरीवर ज्वारी निवडत बसणार. आणि त्याचं तर पळणंच गेलं असतं. शेडातल्या कोळशातून, तेलातून बाहेर आल्यावर त्याला माणसात आणणारी तेवढी एकच गोष्ट होती.

दसऱ्यानंतर मी त्याला नदीच्या वाळूत उतरवलं. आधी चालणं, मग पायाच्या चवड्यांवर, मग दुडक्या चालीनं. रविवारी सकाळी मी आईबरोबर धुणं घेऊन नदीवर जायची आणि तो पलीकडच्या वाळूत पळायचा. थंडी पडायला लागली होती, पाण्यावरून वाफ उठायची, आणि त्या वाफेतून तो येताना दिसला की माझ्या हातातलं लुगडं तसंच पाण्यात तरंगत राहायचं. बायका म्हणायच्या, रोशनबीची पोर धुणं धुवायला येते आणि घोटा बघत बसते. म्हणू देत. मी घोटाच बघत होते... बराचसा.

"टाच टेका," मी ओरडायची. "भाईर पडतीया."

"सगळं तुमी पायाकडंच बघता," तो धापा टाकत अलीकडं यायचा. "कवातरी वर बी बघावं मानसानं."

"वर दुखतंय का काही?"

"दुखतंय तर."

"तिथं कामट्या बांधता येत न्हाईत," मी म्हणायची आणि लुगडं इतकं आपटायची की आईच्या अंगावर पाणी उडायचं.

प्रजासत्ताक दिनाची शर्यत आली. घोडनदीचीच, तोच रस्ता, पुलापासून वेशीपर्यंत. आदल्या गुरुवारी मी त्याला सांगितलं, "आतल्या बाजूला कळ आली की थांबायचं. बाहेरच्या बाजूला दुखलं तर चालंल, आतल्या बाजूला न्हाई."

"आन् न्हाई थांबलो तर?"

"तर ही पायरी पुन्हा चढायची न्हाई."

तो हसला नाही या वेळी.

शर्यतीच्या दिवशी मी पेठेच्या अलीकडं बायकांत उभी होते. समोरच पोपटराव, यवतच्या मंडळींसह. दुरून धुरळा दिसला, मग गडी दिसले, आणि सगळ्यांच्या पुढं महबूब. लोक ओरडायला लागले. पोपटराव तर हात वर करून नाचायलाच लागले. श्रावणातलं सगळं विसरून. माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं, "अगं, तुझा पाय पुढं हाय की गं."

आणि मला ते दिसलं. टाच टेकत नव्हती. पाऊल जरासं बाहेर पडत होतं, बघणाऱ्या कुणालाही कळलं नसतं एवढंसं. आतली शीर ताणली होती. तो जवळ आला, त्यानं गर्दीत मला शोधलं, आणि मान हलवली... नाही म्हणून. थांबणार नाही म्हणून. का, ते मला पक्कं ठाऊक होतं. वेस समोर होती. तो असाच जाऊन पहिला आला असता, रोशनबीच्या पोरीचा हात साऱ्या तालुक्यात गाजला असता, आणि तो पाय पुन्हा कधी पळाला नसता. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं.

मी पदर सांभाळत रस्त्यात आले. "महबूब, थांब."

आजवर "तुमी"शिवाय बोलले नव्हते मी त्याच्याशी. तो थांबला. दोन्ही बाजूंनी गडी त्याला ओलांडून गेले. हलगी वाजायची बंद झाली. तो लंगडत माझ्यासमोर आला आणि रस्त्यातच बसला. मीही बसले. साऱ्या पेठेदेखत मी त्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं आतली शीर चाचपली. गरम होती, तुटली नव्हती.

"बघितलं का," पोपटराव आसपासच्यांना सांगत होते, "म्हनलं न्हवतं मी? पोरीबाळींचं काम हाय व्हय हे?"

"आप्पा," मी वर न बघता म्हणाले, "चैत्रात तुमी पाडला, श्रावणात तुमी पळवला. आता तेवढं बाजूला सरा, उजेड अडतोय."

ते सरले. लोक हसले, कुणाला ते मला माहीत नाही.

"जिंकलो असतो," महबूब हळूच म्हणाला.

"व्हय."

"तुमचं नाव झालं असतं."

"नाव करीन मी माझं. हा पाय दुसरा कुठनं आनू?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "मघाशी थांब म्हनलात."

"चुकून तोंडातनं गेलं."

"पुन्हा चुका की," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी ओसरीवर एकही माणूस आला नाही. ना हात, ना पाय, ना साधी लचकलेली मान. आईनं सूप उचलून आत नेलं. मी तरी तेल गरम करून बसले. कुणी येवो न येवो, मी बसणार होते.

दुपारी तो आला. बरोबर त्याची आई, गुलशनबी. डोक्यावर नवा पदर, हातात गुळाची ढेप. आईनं मला आत ढकललं आणि पडदा ओढला. मी अर्थातच पडद्यालाच चिकटून उभी राहिले.

"मुलगा काय करतो?" आईनं विचारलं. जणू तो तिला आजच दिसत होता.

"रेल्वेत हाय," गुलशनबी म्हणाल्या. "इंजिनं पुसतो. सुपारीचं खांडसुदिक खात न्हाई."

"आन् पायानं अधू हाय म्हनत्यात..."

मी पडदा बाजूला सारला. "कोन म्हनतं?"

"मदिना, आत जा. बघायला आलेल्या मानसांम्होरं पोरीनं बोलू नये."

"कोन म्हनतं ते सांग, मग जाते. त्या पायाला म्या हात लावलाय. अधू हाय का न्हाई ते मला इचारा."

गुलशनबींनी लेकाकडं पाहिलं. "ही काय रे?"

"हीच," महबूब म्हणाला.

मग तो उठून उभा राहिला. दोन्ही पायांवर, सारखं वजन टाकून. ते मी पाहिलंच. "रोशनखाला, मी आजवर कुनाच्या सांगन्यानं थांबलो न्हाई. आप्पा पळ म्हनले की पळालो, लोक हसले की पळालो. हिनं थांब म्हनलं आन् थांबलो. हिला स्वतःची बदनामी दिसत व्हती, तरी म्हनली. मला ही पायजे. पळता आलं तरी, न्हाई आलं तरी."

आईनं कितीतरी वेळ त्याच्या पायाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग ढेपीचा एक खडा फोडून तोंडात टाकला.

"माझी एक अट हाय," मी म्हणाले.

"आता आनि काय गं?" आई म्हणाली.

मी त्याच्याकडं वळले. "पळायचं. चैत्रात, हितंच, त्याच रस्त्यानं. हरलास तरी चालंल. पन पळायचं."

"आन् कळ आली तर?"

"तर मी हाय रस्त्यात."

तो पळाला. आमचं लग्न होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी वेशीपाशी हातभर हिरव्या बांगड्या घालून उभी होते. टाच टेकत होती, पाऊल सरळ पडत होतं. महबूब तिसरा आला. आणि मी अशी काही ओरडले की पहिला आलेला गडी वळून बघायला लागला.