त्याच्या पायाखालचा ब्रेक

गाडी शिकायला मी बाईच हवी म्हणून सांगितलं होतं. आला केयूर.

शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून काकांनी मला पाठवलं, असं तो आमच्या मुलुंडच्या गेटपाशी गाडीच्या खिडकीतून मान काढून म्हणाला. ड्रायव्हिंग स्कूल त्याच्या काकांचं. माझं डोकं तिथेच फिरलं, आणि मी बसते न बसते तोच ह्याचा प्रश्न.

"ब्लाइंड स्पॉट म्हणजे?"

"मी गाडी शिकायला आलेय. इंग्रजी नाही."

"पवईच्या कॅब कंपनीत ड्रायव्हर म्हणून जायचंय ना तुम्हाला? तिथली ट्रायल इंग्रजीत असते. अर्थ सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही."

आगाऊ कुठला. पण मी मराठी शाळेतली, आणि ती नोकरी मला हवी होती. मग रोज तेच. आरशात न दिसणारी जागा म्हणजे ब्लाइंड स्पॉट. दुसऱ्याला आधी जाऊ देणं म्हणजे गिव्ह वे. गाडी कडेला घेणं म्हणजे पुल ओव्हर. पोळ्या लाटताना मी 'पुल ओव्हर, पुल ओव्हर' घोकायची आणि आई विचारायची, कोणावर डाफरतेस गं?

ह्याच्यावर. शब्द चुकला की तो हसायचा नाही. खिडकीबाहेर बघायचा, आणि कान लाल व्हायचे. मला घाम आला की एसीची जाळी गुपचूप माझ्याकडे वळवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. त्याच्यावरचा राग घरी आल्यावरही जाईना, तो सारखा आठवायला लागला, तेव्हा मात्र मी घाबरले.

लायसन्सची टेस्ट स्कूलच्याच गाडीत झाली, केयूर शेजारी. गाडी अशी फिरवली, लोण्यातून सुरी. मी पेढे वाटले.

आणि शनिवारी दादाची गाडी काढली. पुलाच्या चढावर ती बंद पडली आणि मागे घसरायला लागली. दादाने हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. मागचा रिक्षावाला ओरडला, "मॅडम, लायसन किधर से लाया?"

कुठून? स्कूलच्या गाडीत माझी गाडी कधीच बंद पडली नव्हती. एकदाही नाही. शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. अडीअडचणीसाठी, असं त्यानेच सांगितलं होतं.

मी तशीच स्कूलवर गेले. तो गाडी पुसत होता. फडकं त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"शब्द सगळे माझे, आणि ब्रेक सगळे तुझे? सोमवारी ट्रायल आहे माझी. तिथे तुझे पाय कुठून आणू, केयूर?"

तो हातानेच काच पुसायला लागला. त्याचाच जास्त राग आला.

रविवारी सकाळी स्कूलची गाडी खाली उभी होती. मी बसले, बोलायचं नाही असं ठरवूनच. त्याने चपला काढल्या, मागच्या सीटवर टाकल्या, आणि शेजारी चक्क मांडी घालून बसला.

गाडी बंद पडली. सिग्नलला पुन्हा पडली. मागून हॉर्नचा कल्ला, आणि शेवटी तोच पूल, तोच चढ. गाडी वीतभर मागे आली. त्याचे तळहात मांडीखाली दाबलेले होते. त्याने डोळे घट्ट मिटले... पण पाय हलला नाही. मी क्लच हळूहळू सोडत गेले. गाडी कुरकुरली, आणि चढली.

पूल उतरल्यावर मी गाडी बाजूला घेतली.

"इतके दिवस का केलंस असं?"

"गाडी नीट चालली की... उतरताना तू हसायचीस," तो चपलांकडे बघत म्हणाला. "मला ते रोज हवं होतं."

"आणि मी शिकले की नाही, ते?"

"ते चुकलंच माझं."

मी गाडी पुन्हा सुरू केली. बोलले असते तर राग उतरला असता, आणि तो मला एवढ्यात उतरू द्यायचा नव्हता.

सोमवारी पवईला ट्रायल घेणाऱ्या बाई शेजारी बसल्या. चढावर थांबवा, मग निघा, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या पायाशी पेडल नव्हतं. मी थांबले, आणि निघाले.

बाहेर आले तर केयूर गेटपाशी गाडीला टेकून उभा. माझ्या तोंडाकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"नाही झालं?"

"झालं."

"मग हसत का नाहीयेस?"

"रागावलेय अजून. किल्ली दे."

त्याने दिली. मी फिरून माझ्या बाजूने आत बसले, आरसा नीट केला. शेजारचं दार उघडलं. आणि मी काही म्हणायच्या आत त्याने चपला काढल्या.

तेव्हा मात्र मला हसू आलं.