लाँचमधले ठोके

"मिस्त्रीबाई, परत ठोके येतायत. तुम्ही या बरं."

भर दुपारी आलेला फोन लाँचवाल्याच्या बायकोचा होता. धक्क्यावर तिला सगळे वहिनी म्हणत. महिन्यापूर्वी तिच्या नवऱ्याची लाँच नदीच्या मधोमध बंद पडली आणि धारेने पुलाच्या खांबावर आपटली. सात उतारूंना त्याने दोरीने खांबाच्या चौथऱ्यावर चढवलं. आठवा तो स्वतः. तो वर आलाच नाही.

तेव्हापासून लाँच शेडमध्ये कुलपात होती. आणि कुलपाआड, ऐन दुपारी, इंजिन ठोके देत होतं.

मिस्त्रीबाई तीस वर्षं वडिलांचं वर्कशॉप चालवत होत्या. भुताखेतांना भीक घालणाऱ्या नव्हत्या. तरी शेडचं दार उघडलं आणि त्या दारातच थबकल्या.

आत कुणी नव्हतं. पाण्याच्या बाजूने शेड उघडीच होती. लाँच मात्र डुलत होती, नुकतंच कुणीतरी उतरून गेल्यासारखी.

"मेलेला माणूस कामावर येतो का हो?" वहिनीने हळूच विचारलं.

बाईंनी नाक उडवलं. "रॉकेलचा वास येतोय. जाम पिस्टन सुटावा म्हणून वरून रॉकेल ओततात. भुताला कशाला लागतंय रॉकेल?"

धक्क्याच्या मुकादमाला त्यांनी तिथेच बोलावून घेतलं.

"अपघाताच्या रिपोर्टात काय लिहिलंत?"

"चूक त्याचीच. इंजिनातलं तेल तर काठोकाठ होतं. गाळातून हाकली असणार, थंडाव्याचं पाणी अडलं, इंजिन तापून जाम झालं."

"तेलाची पातळी दाखवणारी पट्टी कधी बघितलीत?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि त्या रात्री लाँचवर पहाऱ्याला कोण?"

"आळीपाळीने आम्ही दोघं. मी आणि धाकटा."

धाकटा म्हणजे मेलेल्याचा सख्खा भाऊ. निरोप गेला तसा तोही आला आणि दाराला टेकून उभा राहिला. चेहरा ओढलेला, तळहातांना चिंध्या बांधलेल्या.

बाईंनी पाण्याचा पंप खोलला. आत गाळाचा कण नव्हता. तेल बादलीत काढलं, मधासारखं सोनेरी. इंजिनचं खालचं झाकण उतरवलं, तर बेअरिंगं जळून निळीकाळी. शेवटी फिल्टर काढला. नवाकोरा होता. हातात तोलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. करवतीने कापला. आतला कागद पांढराशुभ्र, कोरडा ठणठणीत.



"वहिनी, तुमच्या नवऱ्याची चूक नव्हती," बाई म्हणाल्या. "पाणी अडलंच नव्हतं. बेअरिंगं जळाली ती तेलावाचून. इंजिन सुरू झालं की तेल आधी फिल्टरमधून जातं. हा कोरडा आहे. म्हणजे त्या दिवशी इंजिनात तेल नव्हतंच."

"पण मी पट्टी बघितली ना!" मुकादम म्हणाला.

"डिझेल इंजिनात तेल तासाभरात काळं पडतं. हे सोनेरी आहे, कारण ते भरल्यावर इंजिन फिरलेलंच नाही. त्या रात्री कुणीतरी भरलं. आणि नवा फिल्टर सांगतोय की अपघाताच्याच सकाळी तेलबदल झाला होता. लाँचचा तेलबदल कोण करायचं?"

मुकादमाची नजर दाराकडे वळली.

धाकटा मटकन खाली बसला.

"जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, तेवढ्यात पलीकडून हाक आली. परत आलो तो तेल भरलंय अशाच समजुतीत. दादा पट्टी बघायला वाकला होता. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? तो हसला. पट्टी न बघताच चालू केलं त्याने."

"आणि रात्री तेल ओतलंस."

"घाबरलो होतो. खापर दादावर फुटेल असं वाटलं नव्हतं. फुटलं, तेव्हा तोंड उघडवेना."

"ठोके?"

"इंजिनच्या चाकावर फळी धरून हातोडा मारायचो. वाटायचं, एकदा, एकदाच फिरलं तर काही घडलंच नव्हतं असं होईल."

वहिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, महिना झाला पोरगी शाळेत जात नाही. 'तुझ्या बापाने स्वतःच्या चुकीने जीव घालवला,' म्हणतात पोरं तिला. उठा. आधी तिला सांगा. मग पोलिसांना."

तो उठला. वहिनीने हात दिला नाही. पण घराच्या चढावर ती दोनदा थांबली, तो मागे येतोय ना, ते बघायला.