वर तीन, खाली दोन

शहर बससेवेची वेळापत्रकं बनवण्यात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला लोक मिनिटराव म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? आगारात पडलेलं ते नाव निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरीही आलं. मुलगीसुद्धा लाडात आली की त्याच नावाने हाक मारायची, आणि ते लटकं रागवायचे.

सध्या मात्र त्यांना रागवायलाही फुरसत नव्हती. पुढच्या आठवड्यात तिघं मोठ्या शहरात फिरायला निघणार होती. तिथला उंच मनोरा चढून मावळतीच्या वेळी वरून सगळं शहर बघायचं, हा बायकोचा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीचा हट्ट. दर वेळी कुठला तरी मार्ग बदलायचा, नवं वेळापत्रक उपटायचं आणि बेत बारगळायचा. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, हेच मिनिटरावांना जास्त लागायचं. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. या वेळी राहिलं तर कायमचंच राहणार होतं.

म्हणून त्यांनी कंबर कसली. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला, तीन रंगांच्या पेन्सिली काढल्या आणि जाड वहीत बेत उतरवला. नऊ दहाची ट्राम, दहाला संग्रहालय, सव्वा वाजता नदीतली बोट, चार चाळीसला मनोरा, सूर्य मावळेपर्यंत. दोन ठिकाणांच्या मध्ये सात मिनिटं सुटी, धाप लागली तर.

"बाबा, शिंक आली तर तिला किती मिनिटं दिलीत?" मुलीने विचारलं.

"सात मिनिटांत बसव," ते म्हणाले.

आगारात एक शिरस्ता होता. नवा मार्ग सुरू करण्याआधी रिकामी बस त्या मार्गावरून एकदा फिरवून आणायची आणि प्रत्येक थांब्याची खरी वेळ मांडायची. ही चाचणी फेरी झाल्याशिवाय मिनिटरावांनी जन्मात कुठल्या वेळापत्रकावर सही केली नव्हती. तेव्हा रविवारी सकाळी त्यांनी घरातच चाचणी फेरी काढली.

काय धमाल आली! सोफा झाला ट्राम. टेबलाभोवती पाऊण तास रेंगाळलं की झालं संग्रहालय. बायको निळा स्वेटर घालून, पर्स काखोटीला मारून तयार. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढे उभी राहून "काय सुंदर चित्र आहे हो!" म्हणाली, तेव्हा मुलगी हसून हसून खाली बसली. सव्वाच्या बोटीत मुलगी सोफ्यावर चक्क झोपी गेली.

चार चाळीसला मनोरा. तिघांनी जागच्या जागी एकशे ऐंशी पायऱ्या मोजल्या. बायको पश्चिमेच्या खिडकीशी, उंच स्टुलावर जाऊन बसली. उतरायची वेळ झाली तरी हलेना.

"माझे गुडघे गेले. किती छान दिसतंय इथून. तुम्ही दोघं उतरा, मी बसते."

मिनिटरावांनी हसत हसत, पण इमानदारीत, वहीत मांडलं: वर तीन, खाली दोन.

सोमवारी दुपारी ते आरक्षणाला बसले. पहिला फोन संग्रहालयाला. नाव ऐकताच तिकडच्या बाई म्हणाल्या, "परत येताय? काल तर येऊन गेलात ना? सारखे घड्याळ बघत होतात, म्हणून लक्षात राहिलात."

"माणसाची चूक होते," फोन ठेवून मिनिटराव म्हणाले.

बोटवाला मात्र गप्पिष्ट निघाला. "काल सव्वाच्या फेरीला होतात की! तुमची मुलगी बाकावर गाढ झोपलेली. उतरवताना उठवावं लागलं."

मुलीचे डोळे एवढाले झाले. "बाबा, फोन स्पीकरवर टाका!" बायकोला तर आनंद मावेना. "अहो, विचारा ना, मी काय घातलं होतं?"

"निळा स्वेटर," बोटवाला म्हणाला.

ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत हसली. मिनिटरावही हसले, पण वही उघडून कालच्या नोंदी त्यांनी पुन्हा वाचल्या. तरी कुतूहल स्वस्थ बसू देईना. त्यांनी मनोऱ्याचा नंबर फिरवला.

"बरं झालं तुम्ही फोन केलात," रखवालदार म्हणाला. "काल वर तिघं गेलात, खाली दोघंच आलात. बाई अजून वरच आहेत."

मुलीने फोनचा आवाज वाढवला.

"उतरा म्हटलं की म्हणतात, ते येतील न्यायला. वेळेचे पक्के आहेत."

मिनिटरावांनी बायकोकडे पाहिलं. ती शेजारीच उभी होती, फिक्या साडीत, ओठांवर बोटं ठेवून. तेच आधी सावरले. अडकलेल्या प्रवाशांसाठी काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. जादा फेरी सोडायची.

"बस स्टुलावर. आत्ताच्या आत्ता."

सकाळी केर काढताना मुलीने स्टूल समोरच्या भिंतीशी सरकवलं होतं. बायको तिथेच बसली. बापलेक जागच्या जागी एकशे ऐंशी पायऱ्या चढले. मिनिटरावांनी हात पुढे केला, तिने तो घट्ट धरला, आणि तिघं एकेक पायरी मोजत उतरली. त्यांनी घाईघाईने मांडलं: वर दोन, खाली तीन. आकडा जुळला. वेळापत्रकवाल्याला आकडा जुळला की झालं, डोकी मोजायची, तोंडं बघायची नाहीत.

"आई, जमलं!" मुलीने तिला मिठी मारली. बायको काही न बोलता स्वयंपाकघराकडे निघाली. सरळ, ताठ, जराही न लंगडता. मिनिटरावांना भरून आलं. आता खुशाल मनोरा चढेल, असं वाटलं त्यांना.

त्यांनी पुन्हा फोन लावला. या खेपेला स्पीकर लावला नाही.

"हो, आत्ताच उतरलात," रखवालदार म्हणाला. "पण साहेब, तुम्ही पलीकडच्या बाईंना घेऊन गेलात."

"कुठल्या पलीकडच्या?"

"पूर्वेच्या भिंतीशी बसायच्या त्या. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून बसून होत्या. मला वाटलं, आलं एकदाचं कोणीतरी त्यांना न्यायला."

"आणि आमच्या?" मिनिटरावांनी विचारलं.

"त्या पश्चिमेलाच आहेत. मी सांगितलं, तुमचे यजमान येऊन गेले. तर हसल्या. म्हणाल्या, ते मला सोडून जायचे नाहीत."

मिनिटरावांनी फोन ठेवला.

स्वयंपाकघरातून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग तिसरं. मुलीने हसत हाक मारली, "आई, काय शोधतेस गं?"

"कप," आतून उत्तर आलं. "तुमच्याकडे कप कुठे ठेवतात?"